भोंगाकाकांचे निरोप

"बेबी, हे जरा बघतेस का गं?"

हे वाक्य ज्या घरात ऐकू येत नाही असं घर आज शोधून सापडायचं नाही. नाव तेवढं बदलतं. कुठे बेबीच्या जागी बाळ्या असतो, कुठे सूनबाई असते. म्हातारं माणूस हातात फोन घेऊन दारात उभं असतं, आणि घरातलं कर्तं माणूस मान वर न करता म्हणतं, "थांबा हो जरा." त्या 'जरा'ला अंत नसतो. आपल्यापैकी किती जणांनी हे 'जरा' वापरलं आहे, ते ज्याचं त्याने आठवून पाहावं. बेबीनेही ते वापरलं होतं. त्याचं काय झालं, ते सांगतो.

बेबी पन्नाशीला टेकली होती, तरी घरात ती बेबीच. एका मोठ्या इस्पितळात ती फिजिओथेरपिस्ट होती. अर्धांगवायूने लुळे पडलेले हात पुन्हा चालते करणं हे तिचं काम, आणि त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. शर्टाची गुंडी काजात घालायला एखाद्या पेशंटला अर्धा तास लागला, तरी ही बाई शांतपणे समोर बसून राहायची. नातेवाइकांना मात्र धीर नसायचा. एखादी बायको पुढे होऊन गुंडी लावून टाकायची. मग बेबी तिला बाजूला घेऊन सांगायची, "तुम्ही करून दिलंत तर त्यांचा हात कधी शिकणार? तुम्हाला वाटतं ही मदत आहे. ही मदत नाही, ही तुमची घाई आहे." बायका ओशाळायच्या. डॉक्टरमंडळी बेबीचं कौतुक करायची की एवढा संयम हिने आणला कुठून.

तो संयम ती इस्पितळातच ठेवून येत असावी. कारण घरी आली की तिच्या वडिलांच्या, अण्णांच्या वाट्याला त्यातला काही उरायचा नाही.

अण्णा जन्मभर रेडिओ दुरुस्त करत आले. त्यांचं दुकान होतं गावच्या एसटी स्टँडला लागून. दुकान म्हणजे काय, एक फळी, एक स्टूल, वर टांगलेला दिवा आणि भिंतभर उघडे रेडिओ. तिथेच त्यांची दोस्ती जमली भोंग्याशी. हा भोंग्या म्हणजे स्टँडवर गाड्या पुकारणारा माणूस. आवाज असा खणखणीत, की वीज गेली तरी त्याचं काही अडायचं नाही. खिडकीतून तोंड बाहेर काढून पुकारलं तरी शेवटच्या फलाटापर्यंत ऐकू जायचं. स्टँडचा कर्णा बिघडला की अण्णा शिडी लावून वर चढायचे आणि भोंग्या खाली शिडी धरून उभा राहायचा, तोंडाने सूचना अखंड चालू. संध्याकाळी ड्यूटी संपली की दोघं दुकानामागच्या बाकावर बसत. काय बोलत देव जाणे. बेबीची आई म्हणायची, यांचं लग्न माझ्याशी झालंय की भोंगाभावजींशी, कळत नाही.

आई गेली आणि बेबीने अण्णांना आपल्या शहरात, आपल्या फ्लॅटवर आणलं. दुकान विकलं. तेव्हापासून रविवारी सकाळी भोंगाकाकांचा फोन ठरलेला. अण्णांनी फोन कानाला लावला तरी पलीकडचा शब्द न् शब्द स्वयंपाकघरात ऐकू यायचा. बेबीचा नवरा हसून म्हणायचा, "काकांना फोनची गरजच काय? नुसतं खिडकीत उभं राहिलं तरी पुरे."

मग भोंगाकाकांना घशाचा आजार झाला. ऑपरेशन करावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला.

त्यानंतर अण्णांनी एकदा फोन केला. भोंगाकाकांच्या बायकोने, काकूंनी, फोन काकांच्या कानाशी धरला. अण्णा बोलले, पलीकडून फक्त घरघर आली. अण्णांनी पुन्हा काहीतरी विचारलं, पुन्हा घरघर. फोन ठेवून अण्णा बराच वेळ गॅलरीत उभे होते. दोन-चार दिवसांनी बेबीच्या फोनवर एक मेसेज आला, भोंगाकाकांचा. पुतण्याने त्यांना नवा फोन घेऊन दिला होता आणि ते त्यावर लिहायला शिकले होते. "बेबी, अण्णाला सांग, फोन करू नकोस. तू बोलतोस आणि मी नुसता घरघरतो, मला ते सोसत नाही. त्याला पण असला फोन घेऊन दे. आम्ही लिहू."

बेबीने त्याच आठवड्यात अण्णांना फोन आणून दिला. चांगला, मोठ्या पडद्याचा. मुलगी म्हणून ती कशात कमी पडत नव्हती. सोफ्याच्या हातावर टेकून तिने सगळं एका दमात समजावलं. इथे दाबायचं, इथे नाव येतं, इथे लिहायचं, हा बाण दाबला की गेलं. "कळलं?"

अण्णा म्हणाले, "कळलं."

कळलं काहीच नव्हतं. आयुष्यभर गरम कथिलाशी खेळून बोटांची टोकं राठ झालेली. पडद्याला त्यांचा स्पर्श कळायचाच नाही. मग ते जोर लावायचे, बोट टेकवून ठेवायचे, आणि पडद्यावरची चित्रं एकदम थरथरायला लागायची. अण्णा घाबरून हात मागे घ्यायचे. जोडाक्षर तर निघता निघायचं नाही. मग ते उठून बेबीच्या दारात यायचे. "बेबी, हे जरा बघतेस का गं?"

पहिल्यांदा तिने दाखवलं. दुसऱ्यांदाही दाखवलं, पण घड्याळाकडे बघत. त्यानंतर "अहो अण्णा, कालच सांगितलं ना" सुरू झालं, आणि पुढे तर सांगणंच बंद झालं. राहिलं फक्त "द्या इकडे." अण्णांच्या हातातून फोन घ्यायचा, अंगठा चार वेळा फिरवायचा, फोन परत द्यायचा. झालं काम. अण्णांना काय केलं ते दिसायचंही नाही.

भोंगाकाकांचे मेसेज तीच वाचून दाखवू लागली. वाचून म्हणजे तात्पर्य सांगू लागली. "बरे आहेत म्हणतात. औषध चालू आहे." मेसेज चांगला लांबलचक असायचा, पण भाजी गॅसवर असायची. "काय लिहू तुमच्याकडून?" असं ती विचारायची आणि अंगठा तयार ठेवायची. अण्णा सुरुवात करायचे, "त्याला लिही, की..." आणि थांबायचे. लेक समोर उभी, आणि काही गोष्टी जगात एकाच दोस्ताला सांगता येतात, त्या लेकीकडून लिहवून घेता येत नाहीत. "सांगा ना लवकर, अण्णा." मग अण्णा म्हणायचे, "लिही, बरं आहे म्हणावं." बेबी लिहायची, 'बरं आहे. काळजी घ्या.' आणि बाण दाबायची.

एका रविवारी बेबीच्या इस्पितळातली मंडळी जेवायला आली होती. अण्णा आपल्या खोलीतून आले, हातात फोन. पडद्यावरचं मेसेजचं ते हिरवं चित्रच गायब झालं होतं. बोट टेकून राहिलं असणार आणि त्यांच्याच हातून ते पुसलं गेलं असणार. बेबीने फोन पाहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आमच्या अण्णांनी जन्मभर रेडिओ खोलले. आता बहुतेक फोन खोलायला घेतलाय!" सगळे हसले. वाईट हेतूने कुणीच हसलं नाही. अण्णाही हसले. फोन खिशात घालून खोलीत गेले आणि दार हळूच लावून घेतलं.

त्या दिवसानंतर अण्णांनी तिला फोनचं काही दाखवलं नाही.

बेबीला सुटल्यासारखं वाटलं. नवऱ्याला म्हणाली, त्यांचा रस संपला, या वयात नवं काही शिकायचं म्हणजे नकोच वाटतं माणसाला. ते चित्र पुन्हा बसवायचं तिच्या मनात होतं. रविवारी बघू, असं ती स्वतःला सांगायची आणि रविवार कपाटं आवरण्यात जायचा. अण्णांचा फोन कपाटात गेला, त्याची बॅटरी संपली, कुणाच्या लक्षात आलं नाही.

अण्णा मात्र मधूनमधून जेवताना विचारायचे. मोठ्या सहजपणे, भाकरीचा तुकडा मोडता मोडता. "भोंग्याचं काही आलंय का गं?"

आणि बेबी म्हणायची, "नाही, अण्णा. काही नाही."

तिने पाहिलेलंच नसायचं. येणार तरी कुठून होतं? पण 'बघितलं नाही' म्हणण्यापेक्षा 'काही नाही' म्हणणं सोपं होतं. अण्णा मान हलवायचे. पुढे पुढे त्यांनी विचारणंही सोडलं. बाहेर फिरायला जाणं कमी झालं. रेडिओ लावायचे आणि मध्येच बंद करायचे. बेबीला वाटलं, वय झालं. तिने त्यांची रक्ततपासणी करून घेतली. ती अगदी चांगली आली.

आणि एके दिवशी दुपारी बेल वाजली. बेबीला सुट्टी होती. दारात काकू, भोंगाकाकांच्या घरच्या. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी भाचीकडे आल्या होत्या, तिथून रिक्षा करून एकट्याच आल्या. वाळल्या होत्या. बेबीने "या या" केलं, पण काकू काही हसल्या नाहीत. सोफ्याच्या कडेवर पाहुण्यासारख्या बसल्या.

अण्णा खोलीतून बाहेर आले. त्यांचा चेहरा असा उजळला, की तसा तो कितीतरी महिन्यांत बेबीने पाहिला नव्हता. "वहिनी! एकट्याच? आणि हा कुठाय? की खाली भांडत बसलाय रिक्षावाल्याशी? आता तर आवाजही नाही, खाणाखुणा करून भांडत असेल."

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर आधी राग आला, मग तो राग कुठे ठेवावा ते त्यांना कळेना.

"भावजी," त्या म्हणाल्या, "तुम्हाला कळलं नाही?"

अण्णांनी उघड्या दाराकडे पाहिलं.

"हे गेले. थंडी सुरू झाली तेव्हाच. पुतण्याने सगळ्यांना मेसेज केला होता. तुम्हालाही केला, तुमच्या फोनवर. मी वाट पाहिली. मला वाटलं, यायला जमलं नसेल, पण एक ओळ तरी..."

थंडी संपून उन्हं तापायला लागली होती. अण्णांनी हाताने खुर्ची चाचपली आणि बसले. रडले नाहीत. एवढंच म्हणाले, "बेबी म्हणायची, काही आलं नाही."

मग काकूंनी बेबीकडे पाहिलं. बेबीच्या तोंडातून आधी "ते चित्र पुसलं गेलं होतं" असं काहीतरी निघालं.

काकूंनी पिशवीतून काकांचा फोन काढला. अण्णांना द्यायलाच आणला होता, आधी जाब विचारून. आता त्यांनी तो अण्णांच्या हातात ठेवला, त्यांचं बोट आपल्या हाताने धरलं आणि पडद्यावरून हलकेच वर सरकवलं. "असं. दाबायचं नाही, भावजी. नुसतं सरकवायचं. सावकाश. घाई कुणाला आहे?"

अण्णांनी एकदा सरकवलं, दोनदा सरकवलं, आणि मग त्यांना जमायला लागलं. ते वाचू लागले. भोंगाकाकांनी तिकडे बसून लिहिलेलं, बेबीने दोन शब्दांत उरकलेलं, आणि नंतर तर वाऱ्यावरच गेलेलं सगळं. 'स्टँडवर आता मशीन बोलतं. बाईचा आवाज आहे. आपल्याच गावाचं नाव चुकीचं म्हणते. तू असतास तर वर चढून वायरच कापली असतीस.' अण्णांच्या ओठाचा कोपरा हलला. पुढे लिहिलं होतं, 'स्वप्नात मला बोलता येतं. जाग आली की पहिल्यांदा खरं वाटत नाही. हे कुणाला सांगितलं नाही.' त्याच्याखाली अण्णांचं उत्तर होतं. 'बरं आहे. काळजी घ्या.'

अण्णा तिथे थांबले. बोट तसंच.

"ते उत्तर ह्यांनी मला दाखवलं होतं," काकू म्हणाल्या. "पाटीवर लिहून विचारलं, हा मला 'घ्या' का म्हणतो? जन्मात कधी अहो-जाहो केलं नाही त्याने. मी म्हटलं, असेल काहीतरी. त्यांनी लिहिलं, नाही, आता तो शहरातला झाला."

बेबी भिंतीला टेकून उभी होती. तो एक शब्द तिचा होता. काकांना ती अहो-जाहोच करायची, म्हणून सवयीने अंगठ्यातून उतरलेला.

शेवटचे मेसेज छोटे होते. 'डॉक्टरांनी परत बोलावलंय.' 'वेळ मिळाला तर ये. बोलता येणार नाही, पण बसू.' आणि त्यानंतर, काही दिवस मध्ये जाऊन, 'राहू दे. लेकीच्या घरी असतोस, तुला जमत नसेल.'

फोन हातात घेऊन अण्णा आपल्या खोलीत गेले.

स्वयंपाकघरात बेबीने चहा टाकला, तो उतू जाऊन निम्मा ओट्यावर सांडला. काकू आत आल्या, त्यांनी फडकं घेऊन ओटा पुसला. बेबी रडत म्हणाली, "काकू, मला खरंच वेळ नसायचा हो. मनात काही वाईट नव्हतं."

"नव्हतंच," काकू म्हणाल्या. "मनात वाईट असतं तर भावजींनी भांडण तरी केलं असतं. तू त्यांचं सगळं करत होतीस, मग भांडणार कशावर? पण बेबी, करून देणं आणि करू देणं यात फरक असतो. मी तरी ह्यांना काय शिकवलं? मला स्वतःला तो फोन धड येत नाही. मी फक्त त्यांच्या हातातून काढून घेतला नाही. एक ओळ लिहायला त्यांना अख्खी दुपार लागायची. चुकायचं, पुसायचं, पुन्हा चुकायचं. मी शेजारी भाजी निवडत बसायची. एवढंच केलं."

बेबीला इस्पितळातल्या त्या बायका आठवल्या, नवऱ्याची गुंडी लावून देणाऱ्या. त्यांना आपण काय काय ऐकवत होतो!

"लहानपणी तूही सगळं चुकत चुकतच शिकलीस," काकू म्हणाल्या. "तुझ्या बुटाची नाडी बांधताना भावजी दुकान उघडायचं सोडून उंबऱ्यात बसलेले मी पाहिलेत. तेव्हा त्यांना वेळ होता असं वाटतं का तुला?" चहा न घेताच त्या निघाल्या. बेबीने खूप आग्रह केला. काकू म्हणाल्या, "आज नको. पुढे कधी."

संध्याकाळी बेबी अण्णांच्या खोलीत गेली. जमिनीवर, त्यांच्या पायाशी बसली. म्हणाली, "अण्णा, चुकलं माझं. मी शिकवते तुम्हाला. रोज बसू."

अण्णा खिडकीबाहेर बघत होते. त्यांचा आवाज चढला नाही. "शिकून कुणाला लिहू?" मग म्हणाले, "तुझं एकटीचं चुकलं नाही. मीही हट्टाने विचारायला हवं होतं. माझं घर असतं तर विचारलं असतं. इथे आपलं... तुला त्रास नको म्हणून गप्प बसलो."

'माझं घर असतं तर.' बेबीला कुणी थोबाडीत मारली असती तर इतकं लागलं नसतं. इतकी वर्षं ती लोकांना अभिमानाने सांगत होती, अण्णा माझ्याकडे असतात, त्यांना काही कमी नाही.

पुढे बरेच दिवस बापलेकीत कामापुरतं बोलणं होतं. बेबीने ते हिरवं चित्र फोनवर परत बसवलं, फोन रोज चार्ज करून त्यांच्या उशाशी ठेवला. अण्णांनी हात लावला नाही.

मग एका सकाळी ते स्वतःच बाहेर आले. म्हणाले, "मला गावी जायचंय. वहिनी परत गेल्या असतील. एसटीचं तिकीट म्हणे आता फोनवरच काढतात."

बेबीच्या तोंडावर आलं होतं, मी काढते, मी सोडायला येते. हातही पुढे झाला होता. तो तिने मागे घेतला. खुर्ची ओढली, आणि वीत-दीड वीत अंतर ठेवून बसली.

अण्णांनी गाव शोधलं. चुकीचं गाव आलं. मागे गेले, सगळंच बंद झालं. पुन्हा पहिल्यापासून. तारीख मागची पडली. बोट उमटेना, तेव्हा बेबी म्हणाली, "अण्णा, बोट जरा ओलं करून बघा. म्हातारपणी कातडी कोरडी होते, पडद्याला कळत नाही." हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पेशंटना ती रोज सांगत असे. अण्णांनी ओल्या फडक्याला बोट लावलं. उमटलं. स्वयंपाकघरात भात करपल्याचा वास आला, तरी ती उठली नाही. इस्पितळात तिने फोन करून उशिरा येते म्हणून सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच.

तिकीट निघालं. एकाचंच.

"मी येऊ का बरोबर?" तिने विचारलं.

"नको," अण्णा म्हणाले.

स्टँडवर ती त्यांना पोचवायला गेली तेव्हा ते खिडकीशी बसले. हात हलवला, पण हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी इस्पितळात पेशंटसमोर बसलेली असताना तिच्या फोनवर मेसेज आला. अण्णांनी स्वतः लिहिलेला, पहिला. जोडाक्षर फोडून लिहिलेलं, मध्ये नको तिथे टिंब पडलेलं. 'पोचलो. त् याच् या घरी. आहे. परत कधी येइन ते ठरवल नाही.'

बेबीने तो कितीदा तरी वाचला. उत्तर लिहिलं, पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. समोरचा पेशंट गुंडीशी झटत होता आणि तिच्याकडे बघत होता. शेवटी तिने एवढंच लिहिलं, 'बरं अण्णा. तुम्हाला वाटेल तेव्हा या.'

भोंगाकाका परत येणार नाहीत, आणि जे 'काही नाही' बेबीने तोंडातून काढलं तेही परत घेता येणार नाही. माणूस बदलतो, पण कधीकधी ज्याच्यासाठी बदलायचं तो तोवर निघून गेलेला असतो. म्हणून वाचकहो, हे आजच ऐका. तुमच्या आईवडिलांच्या हातातला फोन म्हणजे नुसतं यंत्र नाही. त्यांची उरलेली माणसं त्याच्या पलीकडे बसलेली आहेत, वाट बघत. तुम्ही घाईने फोन काढून घेता तेव्हा ती माणसंही काढून घेता. त्यांना शिकायला वेळ लागेल, ते चुकतील, तेच तेच विचारतील. विचारू द्या. ज्या दिवशी ते विचारायचं थांबतील, त्या दिवशी त्यांना सगळं आलं असं समजू नका. त्या दिवशी त्यांनी तुमचा नाद सोडलेला असतो.